तुडुमावरचा डबा

आमच्या भागात एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं, की त्याची जी वस्तू दुसऱ्यांकडे राहिलेली असेल ती तेरवीच्या आत परत आणून देतात. कुणी विळा नेलेला असतो, कुणी घमेलं, कुणी पुस्तक. गेलेल्याची वस्तू आपल्या घरात अडकवून ठेवू नये, असं मानतात. वस्तू धुऊनपुसून आणतात, उंबऱ्यापाशी ठेवतात आणि फारसं न बोलता थोडा वेळ बसतात.

माझी बायको भाद्रपदात गेली. गावच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची, त्यामुळे आमच्या उंबऱ्यापाशी जे जमलं ते इतरांच्या घरी जमतं तसं नव्हतं. एक भिंग आलं, चुंबक आले, कापसात गुंडाळलेला तापमापक आला. शिलाई मशीन उघडायला कुणी नेलेला तिचा बारीक पेचकस आला. मी ओसरीवर बसून एकेक वस्तू आत नेऊन ठेवत होतो. आणि तेरवीच्या आदल्या सकाळी पाणीवाटप समितीची माणसं तुडुमावरचा डबा घेऊन आली.

तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतून, मातीच्या बांधातून, पाणी सोडायची जागा. तिथे दगडी विहिरीसारखं एक बांधकाम आहे, आणि त्याच्या कडेला गेली काही वर्षं माझ्या बायकोनं केलेला, पाणी मोजणारा हा डबा लोखंडी खांबावर बसवलेला होता. आता तो नव्या टॉवेलात गुंडाळून, वर नारळ ठेवून आला होता. पुढे समितीचे अध्यक्ष होते. उंच, आवाजानं मोठे, तलावाला लागून शेती असलेले. हे गाव माझ्या बायकोचं माहेर, म्हणून गावात मला कुणी नावानं किंवा सर म्हणून हाक मारत नाही.

"जवाईबापू, हे बाईचं सामान," अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडं ठेवनं बरं नाई."

"ते तलावाचं आहे ना," मी म्हणालो.

"तलाव आमचा. डबा बाईचा."

मी झाकण उघडून पाहिलं. आत धुळीचा कण नव्हता. कोळ्यांची जाळी काढलेली, मुंग्यांची माती खरवडलेली, आणि सगळ्या वायरी आपापल्या जागेवरून सोडवून, त्यांच्या सारख्या गुंडाळ्या करून सुतळीनं बांधलेल्या. कुणीतरी फार मायेनं हे केलं होतं. मी त्यांचे आभार मानले, ते मनापासूनचे होते. वायरी सुटल्यावर डबा आपला आपण पुन्हा चालू होणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नाही. त्या दिवसांत मी दिवा लावला तरी तो लागला आहे हे मला उशिरा कळायचं.

तेरवीला गावभरातून भांडी आली होती. आमच्याकडे मोठ्या जेवणाला पातेली, गंज, पराती घराघरातून गोळा करतात, आणि ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घरानं भांड्याच्या बुडाला ऑइलपेंटचा एक ठिपका दिलेला असतो. कुणाचा लाल, कुणाचा पांढरा, कुणाचे दोन निळे. आमचा हिरवा. जेवणं झाल्यावर भांडी उपडी घालून ठिपके पाहून वाटली जातात. त्या संध्याकाळी आमचं एक पातेलं कमी भरलं. ते शेवटच्या बांधीवाल्या, म्हणजे पाटाच्या टोकाला धानाचं वावर असलेल्या, काकींकडे उरलेल्या भाजीसकट गेलं होतं. पुढे वाटेत भेटल्या तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"पातेलं माझ्याकडे आहे. रिकामं नाई देणार."

"काकी, मला एकट्याला कशाला लागतंय पातेलं?"

"तुमाले नाई लागत. पण बाईचं भांडं मी रिकामं आणीन का? धान येऊ द्या, मग आणीन."

"तेरवीच्या आत द्यायचं असतं म्हणतात."

"माहीत आहे मले. बाई रागावन तर माझ्यावर रागावन. तुमी आपले पुस्तक वाचा."

भांडं भरूनच परत करायचं, हीही आमच्याकडची रीत. दोन रीतींपैकी कोणती मोडायची ते काकींनी स्वतः ठरवलं होतं.

त्या डब्याचं महत्त्व कळायला आमच्या तलावाचं भांडण कळावं लागेल. इटियाडोह धरणाचा कालवा आमच्या गावाच्या अलीकडेच वळतो, त्याचं पाणी आम्हाला नाही. आमचा भरवसा गावतलावावर. हा तलाव माझ्या बायकोच्या घराण्यानं बांधला. तलाव बांधणं हेच त्या लोकांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम होतं. गावात थट्टा चालायची, की आज्यानं पाळ घातली, नातीनं डबा बसवला, अन् जवाई काय करून राहिला? मी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, गावातून रोज ये-जा करायचो. थट्टेचं उत्तर त्यांना माहीत असायचं.

तलावाजवळच्या बांध्यांत हलकं धान लावतात. ते लवकर निघतं. शेवटाकडच्या खोलगट बांध्यांत भारी, उशिरा निघणारं धान. त्याला कोजागिरीच्या सुमारास, दाणा भरत असताना, एक शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं नाही तर लोंब्या उभ्या राहतात पण आत पोचट. नेमकी तेव्हा जवळच्यांची कापणी तोंडावर असते. त्यांना वाटतं, उरलेलं पाणी तलावातच राहावं, उन्हाळी धानाला कामी येईल. दोघांचंही खरं. म्हणून गावानं कधीतरी एक खूण ठरवली. शेवटचं पाणी द्यायच्या वेळी तलाव खुणेच्या वर असेल तर शेवटच्यांना द्यायचं, खाली असेल तर तुडुम बंद.

खूण सगळ्यांना मान्य होती. भांडण व्हायचं ते पाणी तिच्या वर आहे की खाली, यावर. विहिरीत रंगवलेली पट्टी शेवाळानं झाकलेली. वारा असला की पाणी हलतं. आणि पाहणारा कोणत्या बांधीचा आहे यावर बरंच अवलंबून.

म्हणून माझ्या बायकोनं तिथे सेन्सर टांगला. तो वरून पाण्यावर आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे ते काढतो. डब्यात पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक. सेन्सरचे आकडे एका यूएसबी वायरीनं त्याच्याकडे येतात. आकड्यांवरून निकाल तो तिथेच लावतो, आणि दुसऱ्या यूएसबी वायरीनं मोडेमला सांगतो, की आता एवढा निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर पाठव.

मी एकदा विचारलं होतं, की हे सगळे आकडे इंटरनेटवरून एखाद्या मोठ्या संगणकाकडे का पाठवत नाहीस? आजकाल सगळं तसंच चालतं ना?

"तुडुमावर नेटची रेंज कुठं आहे?" ती म्हणाली. "आणि पाठवायचे कायले? खालून म्हैस पोहत गेली तर तो आकडा खोटा. सेन्सर टांगला त्या पाइपावर बगळा बसून हालला तर खोटा. हे ठरवायला बाहेरचा माणूस कायले पायजे? गावचा निवाडा गावातच करायचा. बाहेर निकाल तेवढा जाऊ द्यायचा."

जिथलं मोजायचं तिथेच बसून हिशेब करणाऱ्या अशा संगणकांवर नंतर मी बरंच वाचलं. याहून सोपं कुणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

रोज सकाळी गावभर निरोप जायचा. तलावात पाणी किती, खुणेच्या वर की खाली, आणि शेवटी दोन शब्द: भांडू नका. ते तिने पहिल्या दिवशी गंमत म्हणून लिहिले होते. मग काढायचे राहून गेले, मग कुणी काढू देईना. गावात नवरा-बायकोचं वाजलं तरी शेजारून आवाज यायचा, "भांडू नका, खुणेच्या वर आहे पाणी."

कोजागिरी चार-पाच दिवसांवर आली तेव्हा अध्यक्ष पुन्हा ओसरीवर येऊन बसले. या खेपेला एकटे होते. चहा घेतला, कप खाली ठेवला.

"जवाईबापू, चूक झाली. डबा आणून द्याले नाई पायजे होता. शेवटचे लोकं पाणी मागून राहिले."

"पट्टी पाहून ठरवा ना. पूर्वी ठरवत होता तसं."

"पट्टी पाहीन मीच. अन् माझे डोळे माझ्याच बांधीकडं पाहातेत. तुमालेही माहीत आहे, मलेही माहीत आहे." ते जरा हसले. "डबा चालू होत असन तर पाहा. नाई झाला तर मी तुडुम बंद ठेवीन. मग कोनी मले वाईट म्हणन तर म्हणू द्या."

ते गेल्यावर मला काकी आठवल्या. शेवटाकडे काकींची बांधी होती, भारी धानाची, एकच. त्यांचं वर्षाचं जेवण त्या बांधीत होतं, आणि आमचं पातेलंही.

मी आयुष्यात वायरीला हात लावलेला नव्हता. घरातला बल्बसुद्धा ती बदलायची. पण वाचणं मला येतं, आणि हळू वाचायची लाज मला कधी वाटली नाही. जेवणाच्या टेबलावर डबा उघडला. खुंटीला सेन्सर टांगला आणि त्याच्याखाली पाण्याची बादली ठेवली. सुतळ्या सोडल्या. दोन यूएसबी वायरी निघाल्या, दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच दुकानातल्या, हातात धरून फरक कळू नये अशा. दिसतील त्या भोकांत त्या खोचल्या आणि डबा चालू केला. तिच्या लॅपटॉपवरून डब्यातला संगणक उघडता येतो, एवढं मला माहीत होतं. पडद्यावर एक ओळ आली: सेन्सर बोलत नाही.

बादली जवळ सरकवली, दूर सरकवली. सेन्सर बोलत नव्हता.

मग इंटरनेटवर वाचायला लागलो. जगात कुठे कुठे बसलेल्या माणसांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं. कुणाला काही मिळायचं नसताना, अनोळखी माणसाची अडचण समजून घेऊन, पायरी पायरीनं लिहिलेली. वाचनालयात मी लोकांना हवं ते पुस्तक काढून देत आलो, ते काम कुठे ना कुठे चालूच आहे हे पाहून मला बरं वाटलं. वायरीवरून दोन यंत्रं बोलतात तेव्हा एकेक अक्षर ओळीनं जातं, हे मला तिथे कळलं. मध्ये ताल धरणारं कुणी नसतं. कोणत्या गतीनं बोलायचं ते दोघांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं. ऐकणाऱ्यानं वेगळी गती धरली तर अक्षरं येतात, पण त्यांचा चोथा होतो.

त्यांच्याच सांगण्यावरून मी दोन्ही वायरींवर काय चाललंय ते थेट ऐकून पाहिलं. संगणक त्या दोघींना शून्य आणि एक म्हणतो. शून्यावर चिडीचूप. एकवर बरळणं चाललेलं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, कुठल्याच भाषेत नसलेली चिन्हं. दुपारभर मी ते बरळणं पाहत बसलो. मग लक्षात आलं, की मोडेम हा विचारल्याशिवाय बोलणारा नाही, आणि सेन्सर हा न विचारता सारखा बोलणारा. म्हणजे गप्प आहे तो मोडेम, बरळतो तो सेन्सर. तिच्या प्रोग्राममध्ये शून्य म्हणजे सेन्सर होता, एक म्हणजे मोडेम. मी वायरी अदलाबदल करून खोचल्या होत्या. प्रोग्राम मोडेमला पाणी विचारत होता, सेन्सरचं बोलणं मोडेमच्या गतीनं ऐकत होता.

दोन्ही वायरी उपसल्या. भोकं बदलून आधी एक लावली, मग दुसरी. पडद्यावर आकड्यांची ओळ उतरायला लागली. मी तांब्यानं बादलीत पाणी ओतलं, आकडा बदलला. आणखी ओतलं, आणखी बदलला. पाणी बाहेर सांडेपर्यंत मी ओतत राहिलो. त्या दिवशी जेवताना मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या सकाळी डबा पाळीवर नेला. बातमी पुढे गेली होती, त्यामुळे तुडुमापाशी जवळचे आणि शेवटचे दोन्हीकडचे लोक होते, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून. काकी विहिरीच्या दगडावर बसल्या होत्या. तलावावर अजून धुकं होतं, पलीकडच्या काठाला सारसांची जोडी चरत होती. डबा खांबावर बसवला, बॅटरी जोडली, दिवा लागला. अध्यक्षांनी वायरी हातात धरल्या होत्या.

"कोनती आधी?"

"कोणतीही द्या," मी म्हणालो. भोकं मी बरोबर लक्षात ठेवली होती, त्यामुळे मला काळजी नव्हती.

त्यांनी दिली ती मी लावली. मग दुसरी लावली. आणि आम्ही थांबलो.

काहीच झालं नाही. कुणाच्याही खिशात काही वाजलं नाही. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. तीच ओळ: सेन्सर बोलत नाही.

"डब्यालेही सुतक आहे का अजून?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"थांबा न बापा," अध्यक्ष म्हणाले. "घाई कायची आहे? पाणी काई पळून जाऊन राहिलं?"

"तुमचं नाई पळत," काकी दगडावरूनच म्हणाल्या. "माझं धान वाळून राहिलं."

"काकी, मी काई बोललो का?"

"नाई बोलले. म्हणून तं भेव वाटते."

मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देता पुन्हा तीच परीक्षा घेतली. शून्य गप्प, एक बरळतोय. वायरी बरोबर भोकांत होत्या, तरी नावं उलटी झाली होती. मग मला घरची गोष्ट आठवली. घरी मी आधी सेन्सर लावला होता, नंतर मोडेम. इथे अध्यक्षांनी आधी हातात दिली ती मोडेमची. संगणकाला भोकाशी देणंघेणं नव्हतं. जो आधी आला तो शून्य, मागून आला तो एक. पंगतीत आधी बसेल त्याचं पहिलं पान, तसं.

इथे वायरी पुन्हा उपसून उलट्या क्रमानं लावल्या असत्या तर काम झालं असतं. पण पुढे बॅटरी जरा डळमळली, मोडेम मधेच झोपून उठला, कुणी पुसायला म्हणून वायर काढली, की नावं पुन्हा बदलणार. आणि तेव्हा पाळीवर मी नसेन.

आमच्या ग्रंथालयात कधीकधी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती यायच्या, प्रत्येक प्रतीचा वेगळा दाखल अंक टाकायचा राहून गेलेल्या. कव्हर तेच, पानं तीच. नाव वाचून त्या वेगळ्या करता येत नाहीत. मग एकच उपाय असतो: कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर सापडली. या दोन वायरींना कारखान्यानं दाखल अंक दिलाच नव्हता, स्वस्तातल्या होत्या. मी वाचलेलं आठवलं, की संगणक आतल्या आत आणखी एक यादी ठेवतो, कोणती वायर कोणत्या भोकात आहे तिची. त्या यादीतली नावं लांबलचक आणि कुरूप असतात, पण ती जागेवरून पडलेली असतात, येण्याच्या क्रमावरून नाही. मी ती शोधली. तिच्या प्रोग्राममधलं शून्य खोडून तिथे वरच्या भोकाचं नाव लिहिलं, एक खोडून खालच्या भोकाचं. एकेक अक्षर दोनदा तपासलं. तिने लिहिलेल्यात मी पहिल्यांदाच काही बदलत होतो. आमच्या संसारात ती माझी पत्रं तपासायची, मी तिची प्रश्नपत्रिका तपासायचो, शुद्धलेखनापुरती.

"झालं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन्ही वायरी काढा," मी म्हणालो. "सेन्सरची वरती, मोडेमची खाली. आधी कोणतीही लावा."

"या खेपेला खरंच कोनतीही?"

"खरंच कोणतीही."

त्यांनी मुद्दाम मोडेमची आधी लावली. माणूस खात्री करून घेणारा आहे. प्रोग्राम सुरू केला. पाण्याचे आकडे येऊ लागले, त्यातले हलणारे, खोटे बाजूला पडले, आणि डबा थोडा वेळ गप्प राहिला. निवाडा चालला असावा. मग काकींच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. त्यानंतर अध्यक्षांचा. त्यानंतर पाळीभर एकामागून एक, कुणाची घंटी, कुणाचं गाणं. धुक्यात पाण्याच्या पलीकडच्या वाडीतूनही एक वाजलेला ऐकू आला.

काकींनी मोबाईल माझ्यापुढे धरला, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी मोठ्यानं वाचलं. तलावात पाणी किती ते, आणि खुणेच्या वर. चार बोटंच वर असेल, पण वर.

"भांडू नका," काकींनी वाक्य पुरं केलं.

अध्यक्ष विहिरीत वाकून पाहत होते. शेवाळातून पट्टीचा तुकडा दिसत असावा. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "उघडा तुडुम."

"माझं उन्हाळी गेलं न बापा," जवळच्यांतला एक जण म्हणाला.

"माझं नाई गेलं का?" अध्यक्ष म्हणाले. "उघडा म्हणतो न मी."

तुडुमातून पाणी निघालं, पाटानं खाली गेलं. काकी त्याच्या बरोबरीनं चालत गेल्या. मधल्या बांध्यांतून पाणी कुठे फुटून जाऊ नये म्हणून त्या दर बांधाशी थांबायच्या, पायानं माती दाबायच्या, पुढे जायच्या. मी पाळीवरून त्यांचं लुगडं लहान होत जाताना पाहत होतो.

त्या दुपारी मी घरून ऑइलपेंटचा डबा आणला, भांड्यांवरचा, आमचा हिरवा. सेन्सरच्या वायरीला एक ठिपका, वरच्या भोकाशी एक ठिपका. खालच्याला काही नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. अध्यक्ष बाजूला उभे राहून पाहत होते.

"हिरवा तुमच्या घरचा आहे," ते म्हणाले.

"हो. दुसरा रंग आमच्याकडे नाही."

"मंग डबा कोनाचा झाला?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी जरा विचार केला. "डबा तलावाचा. ठिपका बाईचा राहू द्या."

"मग तो पुन्हा पुसायला घरी आणू नका."

"नाई आणत. इथंच पुसू," ते म्हणाले, आणि खरंच खिशातून रुमाल काढून त्यांनी झाकणावरचे माझ्या बोटांचे हिरवे डाग पुसले.

दिवाळीनंतर मळणी झाली, आणि एका सकाळी काकी पातेलं घेऊन आल्या. वर धुतलेलं फडकं बांधलेलं. आत नवे तांदूळ, भारी धानाचे. फडकं सोडताच त्या तांदळाचा वास ओसरीभर झाला. मी ते घरातल्या डब्यात काढून घेतले. पातेलं रिकामं झाल्यावर काकींनी ते उपडं करून ठिपका पाहिला, जणू मी दुसऱ्याचंच ठेवून घेईन, आणि कट्ट्यावर ठेवलं.

"देऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "आता बाई काई म्हणणार नाई."

मी चहा ठेवला. त्या बसल्या होत्या, पण उठायचं नाव घेईनात. मग पिशवीतून मोबाईल काढून म्हणाल्या, "जवाईबापू, हे पाहा बरं. दोन दिवसापासून मेसेज येऊन नाई राहिला. सगळ्यायले येते, माझ्यावरच कायचा राग आहे त्याचा?"

पाहिलं तर बटणांचा जुना फोन, निरोपांची जागा भरून गेलेली. नवा निरोप यायला आत जागाच उरली नव्हती. कंपन्यांच्या जाहिराती होत्या, लॉटरी लागल्याच्या थापा होत्या, रिचार्जच्या आठवणी होत्या. आणि त्यांच्या मधेमधे रोज सकाळचा तलावाचा निरोप, या कार्तिकापासून मागे आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत, मग डबा बंद होता तेवढी मोकळी जागा, मग त्याच्याही मागे भाद्रपद, श्रावण, आषाढ. एकही पुसलेला नव्हता.

"यातले काढावे लागतील," मी म्हणालो. "तेव्हा जागा होईल."

"काढा. पण भांडू नकावाले काढू नका."

"पाण्याचा जुना आकडा काय कामाचा, काकी?"

"आकडा नाई लागत मले. राहू द्या."

मी ओसरीवर त्यांच्या शेजारी बसून एकेक जाहिरात पुसत गेलो. फोन हळू होता, मीही हळू होतो. बरीच जागा झाल्यावर मी तो परत दिला, आणि तो त्यांच्या हातात वाजला. काकींनी तो न पाहता पिशवीत टाकला आणि चहा घ्यायला हात पुढे केला.